वहिनीचं मशीन

आमच्या दादाने एक कॉम्प्युटर घ्यायला जेवढा काळ लावला, तेवढ्यात ऑफिससमोरच्या मोकळ्या प्लॉटवर इमारत उभी राहिली, तिला रंग लागला, लोक राहायला आले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची नि माझी खिडकीतून ओळखही झाली. मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये. त्या इमारतीतल्या पाइपांची ड्रॉइंग आम्हीच केली होती. तीही जुन्याच कॉम्प्युटरवर, नवीन कोणता घ्यायचा याची चर्चा चालू असताना.

आमचा धंदा पाइपांचा. म्हणजे आम्ही पाइप विकत नाही, इमारतीत ते कुठून कुठे जायचे ते ठरवून देतो. पिण्याचं पाणी, सांडपाणी, आग विझवायचे फवारे, एसीचे डक्ट, असं सगळं छताखालच्या हातभर पोकळीत एकमेकांच्या अंगावर न येता बसवायचं असतं. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये इमारतीचं आख्खं मॉडेल उभं करावं लागतं. एखादा पाइप बीममध्ये घुसला की तिथे लाल दिसतं. ते लाल कॉम्प्युटरवर दिसलं तर पाइप जरा सरकवायचा. साइटवर गेल्यावर कळलं तर भिंत फोडायची आणि शिव्या आम्ही खायच्या.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली आणि तीन टेबलं. दाराशी दादा. गिऱ्हाइकं, पैसे आणि चर्चा त्याच्याकडे. मधे मी, पाण्याचा दाब आणि पाइपाची जाडी काढणारी. खिडकीपाशी वहिनी. मॉडेल करायची ती एकटीच, म्हणजे ज्याचे लोक आम्हाला पैसे देतात ते काम ती एकटी करायची. मी पगार घेते. पहिल्याच महिन्यात भांडून ठरवून घेतला, नाहीतर मलाही घरचीच म्हणून गुंडाळलं असतं. वहिनीला पगार नव्हता. ती लग्न होऊन आली तेव्हा ऑफिस नवीन होतं, हातात पैसा नव्हता, आणि ती म्हणाली होती, "तोवर मी बसते." ती बसली ती बसलीच.

तिचा कॉम्प्युटर जोडला होता दादाच्या शाळेपासूनच्या मित्राने. त्याला सगळे स्क्रू म्हणतात, कारण कुणाच्याही घरी गेला तरी आधी खुर्चीचे स्क्रू पिळून बघतो. माणूस चांगला आणि हातही चांगला. पण त्याने जोडलेलं मशीन आता म्हातारं झालं होतं. ते तापायचं म्हणून त्याच्या डब्याची एक बाजू कायमची काढून ठेवली होती आणि दादाने मोठ्या प्रेमाने तिथे एक टेबलफॅन आणून लावला होता. वहिनी उन्हाळ्यात घामाघूम व्हायची, वारा मात्र मशीनला.

पूर्ण मॉडेल उघडायला टाकलं की वहिनी ड्रॉवरमधून मटारची पिशवी काढायची. मॉडेल उघडेपर्यंत मटार सोलून व्हायचे. मग ती मॉडेल जरासं फिरवून बघायची, पडदा पांढराफटक पडायचा आणि ती लसूण सोलायला घ्यायची. संध्याकाळी घरी गेल्यावर डब्यात किती लसूण आहे ते बघून आई विचारायची, "आज कॉम्प्युटर फारच बसला वाटतं गं?"

अशात आम्हाला हॉस्पिटलचं काम मिळालं. हॉस्पिटल म्हणजे नेहमीच्या पाइपांत ऑक्सिजनचे पाइप आणखी. इतकं मोठं काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं. वहिनीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "अहो, सगळे मजले एकदम उघडतच नाहीयेत. एक मजला उघडला की दुसरा बंद करावा लागतो. नवीन मशीन घ्या."

"घेऊ या की," दादा म्हणाला.

"घेऊ या नाही, घ्या. हे हॉस्पिटल जर याच डब्यावर काढायला लागलं, तर ते माझं शेवटचं ड्रॉइंग. सांगून ठेवते."

ती हे हसत म्हणाली, म्हणून दादाही हसला. मी हसले नाही. वहिनी कुठल्या गोष्टी हसत म्हणते ते मला ठाऊक आहे.

आता दादाच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं. दादा कंजूष नाही. कुणी अडचणीत असलं तर खिशात हात घालायला तो मागेपुढे बघत नाही. पण वस्तू विकत घ्यायची म्हटली की त्याला एकच भीती असते, आपल्याला कुणीतरी बनवेल. मग तो तुलना करतो. छत्री घ्यायची तरी तुलना करतो, आणि पावसाळा संपता संपता छत्री घेतो. कॉम्प्युटर म्हणजे तर त्याला पर्वणीच. नावाजलेल्या कंपनीचं तयार वर्कस्टेशन घ्यायचं, की सुटे भाग आणून स्क्रूकडून जोडून घ्यायचं? एका वर्कस्टेशनच्या पैशात असेंबल्ड तीन येत होते. म्हणजे तुलना झालीच पाहिजे.

आणि तुलना कुणी करायची? वहिनीने! "तुलाच त्यातलं कळतं," दादा म्हणाला. "एक छानसा तक्ता कर. सगळे रकाने घाल. मग आपण निवांत बसून ठरवू." म्हणजे ज्या मशीनवर काम होत नव्हतं, त्याच मशीनवर काम बाजूला ठेवून, ते मशीन बदलायचं की नाही याचा तक्ता तिने करायचा. मी कपाळावर हात मारून घेतला. वहिनीने तक्ता केला.

स्क्रू आला तो हातात पिशवीभर सुटे भाग घेऊन. "अरे, आत सगळं तेच असतं," तो दादाला म्हणाला. "तोच प्रोसेसर, तीच रॅम. त्यांच्या डब्यावर नाव छापलंय, त्याचे पैसे घेतात. तू काय डब्यावर ड्रॉइंग काढणार आहेस का?"

दादाला हे एकदम पटलं.

मग वहिनीने वर्कस्टेशनवाल्या कंपनीच्या शोरूमला फोन लावला. तिथल्या मॅनेजरबाईंचं बोलणं गोड होतं, पण मुद्द्याचं होतं. आत सगळं तेच नसतं, त्या म्हणाल्या. त्यांच्या मशीनची रॅम स्वतःची चूक स्वतः पकडते. ग्राफिक कार्ड आमच्या सॉफ्टवेअरवर तपासून घेतलेलं असतं. आणि काही बिघडलं तर माणूस ऑफिसात येऊन दुरुस्त करतो, मशीन उचलून कुठे न्यावं लागत नाही.

दादाला हेही एकदम पटलं. हीच तर डोकेदुखी होती. त्याला सगळ्यांचं सगळं पटायचं आणि मग दोन पटलेल्या गोष्टींची तुलना करायला तो नवा रकाना पाडायचा.

असं चर्चेचं गुऱ्हाळ कितीतरी दिवस चाललं. भाव बदलायचे, तक्ता बदलायचा. कॉम्प्युटरचं एक मॉडेल निघणं बंद झालं, त्याच्या जागी नवं आलं, तक्ता पुन्हा पहिल्यापासून. वहिनी शोरूमच्या बाईंशी इतक्यांदा बोलली की आता त्या दोघी एकमेकींच्या गुडघेदुखीचीही चौकशी करायच्या. पुढे पुढे तर त्या बाईच वहिनीला विचारायला लागल्या, की मॅडम, दुसऱ्या एका ड्रॉइंग ऑफिसला अमुक कार्ड पुरेल का हो? वहिनी मटार सोलता सोलता सांगायची.

एकदा हा फोन स्पीकरवर चालू होता आणि दादा वहिनीच्या खुर्चीमागे उभा राहून तक्ता बघत होता.

"सर, तुम्ही नुसती किंमत बघताय," बाई म्हणाल्या. "मशीन रोज किती वेळ अडकून बसतं ते धरा. त्याला ऑपरेटरच्या तासाच्या खर्चाने गुणा. मग बघा स्वस्त कोण पडतं."

हे मला फार आवडलं. वहिनीने लगेच रकाना पाडला, वर लिहिलं, 'ऑपरेटरचा वेळ'. रोज अडकणारे तासही भरले. ते तिच्याइतके कुणाला ठाऊक असणार? मग ती थांबली. "आणि तासाला किती लिहू?"

"तासाला कसलं?" दादा म्हणाला. "तुला कुठे पगार आहे? शून्य लिही."

वहिनीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो तक्त्याकडेच बघत होता. तो वाईट वागत नव्हता हो, तो हिशेब करत होता, आणि मला त्याचाच जास्त संताप आला.

"दादा, अक्कल कुठे गहाण टाकलीस?" मी ओरडले. "उद्या ही उठून गेली तर ह्या खुर्चीत बसायला माणूस किती घेईल ते लिही तिथे!"

"उठून कुठे जाणार आहे? घरचीच आहे ती," दादा म्हणाला. "उगीच फाटे फोडू नकोस."

वहिनीने शून्य लिहिलं. शून्याने गुणल्यावर असेंबल्ड मशीन बरंच स्वस्त पडलं. बाई अजून फोनवरच होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, नंतर मला एक फोन कराल का? जरा वेगळं बोलायचं होतं."

तुम्हाला वाटेल, चला, असेंबल्ड तर असेंबल्ड, ठरलं एकदाचं. छे! दादा म्हणाला, असेंबल्डच घ्यायचा तर एकट्या स्क्रूचं ऐकून कसं चालेल, आणखी दोघांना विचारायला हवं. स्क्रू रुसला. त्याची समजूत काढण्यात आणखी दिवस गेले. घोंगडं भिजतच राहिलं.

आणि वहिनीने आख्खं हॉस्पिटल त्या जुन्या डब्यावर काढलं. एक मजला उघडायचा, डोक्यात ठेवायचा, बंद करायचा, दुसरा उघडायचा. ऑपरेशन थिएटरच्या वरचा डक्ट बीममधून जातोय हे तिला जेवताना आठवलं; हातातला घास तसाच ठेवून तिने मला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर खरंच जात होता. कॉम्प्युटरने दाखवायचं ते लाल ही बाई जेवणाच्या ताटात बघत होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. शेवटचं ड्रॉइंग पाठवल्यावर तिने टेबलफॅन बंद केला, ड्रॉवर रिकामा केला आणि मटारची पिशवी घडी करून पर्समध्ये टाकली.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मी पहिल्या तारखेपासून शोरूममध्ये नोकरीला लागतेय."

दादाला वाटलं, ती कसली तरी गंमत करतेय. "तिथे काय करणार? कॉम्प्युटर पुसणार?"

"ड्रॉइंगवाल्या ऑफिसांत जायचं. त्यांचं काम बघून कुठलं मशीन लागेल ते सांगायचं. बसवून द्यायचं. बिघडलं तर बघायचं."

"किती देतायत?"

तिने आकडा सांगितला. दादाचा घास हातातच राहिला. मला माझ्या पगाराची लाज वाटली, जो मी इतका भांडून घेतला होता.

"अगं पण," दादा म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर कळवळ्याचा होता, "मग मी हे मशीन कुणासाठी बघतोय?"

आईने ताटातून मान वर केली. "तू बघतच होतास बाबा. घेत कुठे होतास?"

दुसऱ्या दिवशी दादाने जे केलं ते त्याने जन्मात कधी केलं नव्हतं. तक्ता न बघता थेट वर्कस्टेशनची ऑर्डर देऊन टाकली, सगळ्यात भारी. त्याला वाटलं, मशीन आलं की वहिनीचा राग जाईल. पण मूळ स्वभाव कुठे जातो? ऑर्डर देता देता ऑफिसात येऊन दुरुस्त करण्याच्या सेवेचे पैसे त्याने कापले. "त्याची आपल्याला काय गरज?" मला म्हणाला. "काही झालंच तर घरात ती आहेच की."

बोलून बोलून माझी जीभ झिजली होती.

मशीन आलं तेव्हा वहिनी नोकरीवर होती. खिडकीजवळच्या खुर्चीत आता एक ड्राफ्ट्समन बसू लागला. काम ठीक करायचा, सहाला उठायचा, आणि पगार बरोबर एक तारखेला मागायचा. दादा त्याच्याकडे असा बघायचा, जणू दर मिनिटाला खिशातून काहीतरी गळतंय.

आणि मग एका सकाळी ते भारी मशीन बंद पडलं. सुरू व्हायचं, गुरगुरायचं आणि गप्प व्हायचं. स्क्रूला बोलावलं, तर तो लांबूनच म्हणाला, "ह्याचं सील मी उघडलं तर वॉरंटी जाईल. डब्यावर नाव आहे ना, त्यांनाच बोलव." त्याला किती दिवसांनी ही संधी मिळाली होती!

घरी दादा वहिनीला म्हणाला, "उद्या जाता जाता जरा ऑफिसात डोकावशील का? मशीन बसलंय."

"शोरूमला फोन करून तक्रार नोंदवा," वहिनी पोळी लाटत म्हणाली. "तुमची ऑफिसात येण्याची सेवा नाहीये. आल्याचे पैसे पडतील."

"अगं, पण तूच तर येणार ना?"

"कोण येईल ते मॅनेजरबाई ठरवतात."

दादाने तक्रार नोंदवली. बाईंनी कुणाला पाठवायचं ते ठरवलं, आणि मला वाटतं, तेव्हा त्यांना हसू आवरलं नसावं.

वहिनी आली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला काळी बॅग. "नमस्कार सर. मशीन कुठे आहे?" मशीन कुठे आहे ते खरंतर मीच सांगायला हवं होतं, पण मला शरम वाटत होती. एवढी महागडी वस्तू, धूळ बसेल, कुणी हात लावेल, म्हणून दादाने तिच्यासाठी सुताराकडून लाकडी कपाट करून घेतलं होतं. कपाटाला दार, दाराला कुलूप, आणि आत मशीनच्या अंगावर आईची जुनी चादर.

वहिनीने कुलूप उघडून घेतलं. चादर काढली. आतून भट्टीसारखी वाफ आली. जुन्या मशीनला अख्खा टेबलफॅन होता आणि ह्याला श्वास घ्यायलाही फट नव्हती. तिने मशीन बाहेर काढलं, जाळीतली धूळ झटकली, आतली रॅम काढून पुसून पुन्हा बसवली, टेबलावर मोकळ्या जागी ठेवून सुरू केलं. ते चालू झालं.

"मोठं काहीतरी उघडून तपासावं लागेल," ती म्हणाली. ड्राफ्ट्समन खुर्चीतून उठला. ती बसली आणि तिने हॉस्पिटल उघडलं.

सगळे मजले एकदम उघडले, तेही चुटकीसरशी. तिने माऊस हलवला आणि आख्खं हॉस्पिटल सावकाश, जराही न अडखळता फिरलं. निळे, हिरवे, पिवळे पाइप वरपासून खालपर्यंत आपापल्या वाटेने गेलेले. कुठेही लाल नाही. हे सगळं तिने तुकड्यातुकड्यांनी डोक्यात जुळवून काढलं होतं, आणि एकसंध असं आज पहिल्यांदा बघत होती. ती बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले आणि माझेही आले, ते मी लपवत नाही. दादा मागे उभा होता. तोही पडद्याकडेच बघत होता, पण आता त्याला तक्त्यापलीकडचं काहीतरी दिसत असावं.

"हे सगळं तू त्या डब्यावर केलंस?" तो हळूच म्हणाला.

वहिनी उठली. बॅगेतून पावतीपुस्तक काढून तिने बिल फाडलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. येण्याचे पैसे, आणि कामाचे तासावर.

दादाने आकडा वाचला आणि सवयीने कॅल्क्युलेटर जवळ ओढला. "एका तासाचे एवढे?"

"हो सर."

त्याने तो आकडा दिवसाच्या तासांनी गुणला. मग महिन्याच्या दिवसांनी, मग बाराने. पुढचं बटण दाबायला उचललेलं बोट तसंच वर राहिलं. पुढे वर्षं येत होती. त्याने मान वर करून आधी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

वहिनीने घड्याळ बघितलं. "हिशेब करायचा असेल तर करा सर, मी थांबते," ती म्हणाली. "फक्त, आता माझ्या थांबण्याचेही पैसे पडतात."

दादाने कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि पाकीट काढलं.